आई बाबांशी बोलायची तेव्हा

आमच्या घरात संध्याकाळी आवाज नसायचा. गल्लीत नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, या घरातल्या नवरा-बायकोचं भांडण झालंय. खरं तर त्या वेळी आई-बाबांच्या गप्पा रंगात आलेल्या असायच्या. आई दिवसभराचं सगळं सांगत असायची. प्रसूतिगृहात कोण बाळंत झाली, कोणाची सासू जिन्यात बसून रडली, बाजारात भेंडी कशी जून होती. बाबा तिच्या तोंडाकडे बघत मान हलवायचे, मध्येच गालात हसायचे. आईच्या घशातून मात्र आवाज निघत नसे. नुसते ओठ हलायचे.

बाबांना ऐकू येत नव्हतं. लग्न झालं तेव्हा येत होतं. नुसतं येत नव्हतं, त्यांचा गळा पनवेलच्या आमच्या सगळ्या घरांत नावाजलेला होता. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. शुक्रवारी दिवेलागणीला सिनेगॉगमध्ये बाबा प्रार्थना म्हणायला उभे राहिले की बाहेर रस्त्यावरचे टांगेवालेही थांबायचे, असं आजी सांगायची. मी तो आवाज ऐकलेला नाही. मी जन्मले तोवर लढाई संपून बरीच वर्षं झाली होती आणि बाबांचे कान कायमचे गेले होते.

आमच्यातले बरेच पुरुष लष्करात जायचे, तसे बाबाही गेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांना ब्रह्मदेशच्या आघाडीकडे पाठवलं. ते बंदूकवाले नव्हते, सामानसुमानाच्या खात्यात कारकून होते. माझा मोठा भाऊ तेव्हा रांगत होता. आई विशीतली, सातवी पास, सासूच्या घरात नवीनच. सुरुवातीला बाबांची खुशाली कळायची, मग ती कळणं बंद झालं. रॉकेल मिळेना, तांदूळ रेशनवर, खिडक्यांना काळा कागद. घरात एक म्हातारी, एक तान्हं आणि एक अशी बाई, जिला आपण विधवा आहोत की सवाष्ण हेही ठाऊक नाही.

तेव्हा आईने जे केलं त्याबद्दल आजी शेवटपर्यंत कौतुकाने आणि थोड्या रागानेही बोलायची. आई मुंबईला गेली आणि सुईणीचं शिक्षण घेऊन आली. बाळाला आजीपाशी ठेवून. आजी म्हणाली होती, "लोक काय म्हणतील?" त्यावर आई म्हणाली, "ते आले नाहीत तर पोराला मीच वाढवायचंय. आणि आले, तरी ते कसे येतील कोणाला माहीत?"

ते आले. लढाई संपल्यावर, अंगावर एकही जखम न दिसणारे. दारूगोळ्याच्या कोठारापाशी काहीतरी फुटलं होतं, तेव्हा ते जवळ होते, एवढंच त्यांनी सांगितलं. आई त्यांना घ्यायला मुंबईला गेली होती. गर्दीत तिने मागून हाक मारली. ते वळले नाहीत. तिला वाटलं, माणूस दुसराच असेल. ती पुढे जाऊन समोर उभी राहिली तेव्हा बाबा म्हणाले, "हळू का बोलतेस?" आणि ते इतक्या मोठ्याने म्हणाले की आजूबाजूचे लोक बघायला लागले.

त्या दिवसापासून आई त्यांच्या समोर उभी राहायला लागली. हे अगदी शब्दशः. तिने त्यांच्याशी पाठमोरं बोलणं सोडून दिलं. चूल भिंतीकडे तोंड करून होती, ती मोडून दाराकडे तोंड येईल अशी पुन्हा घातली. हसताना तोंडावर पदर घ्यायची सवय तिने मोडली, आणि त्यावरून बायकांत तिची टिंगल झाली. संध्याकाळी कंदील स्वतःच्या चेहऱ्याजवळ धरून ती बोलायची, म्हणजे त्यांना ओठ दिसावेत. हळूहळू बाबा तिचं सगळं वाचायला शिकले. मग आमचं. मग गल्लीतल्या माणसांचं. पण आईइतकं कोणाचं त्यांना समजत नसे. दिवा मालवला की त्या दोघांचं बोलणं संपायचं. अंधारात त्यांना एकमेकांशी बोलता यायचं नाही.

बाबांना भाताच्या गिरणीत काम मिळालं. तिथल्या धडधडाटात सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे त्यांना तिथे बरं वाटायचं. घर मात्र आईवर चाललं. ती पहाटे उठून पाणी भरायची, नारळ खवायची, आमचे डबे करायची, आजीला आंघोळ घालायची आणि प्रसूतिगृहात जायची. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शनिवारचाही स्वयंपाक उरकायचा, म्हणून तो दिवस ती धावतच असायची. शनिवारी आमच्यात काम करत नाहीत. पण बाई अडली तर आई जायची. सिनेगॉगमधल्या एका वडीलधाऱ्याने तिला यावरून टोकलं होतं. ती त्यांना म्हणाली, "काका, तुमची सून अडेल तेव्हाही शनिवार असला तर मी येईन."

तिला मैत्रिणी कमी. वेळच नव्हता. एक होती, गव्हाणची मासळीवाली. आमच्यात खवलं असलेलाच मासा चालतो. कोळंबी नाही, चिंबोरी नाही. ही बाई टोपली उतरवायच्या आधीच सांगायची, "बाय, आज बोय हाय, तुज्यासाटी येगली ठेवलीय. बाकीचं तुला चालायचं नाय." मग आई पायरीवर बसायची, आणि दोघींना एकमेकींशी बोलताना बघणं मला फार आवडायचं, कारण तेवढ्या वेळापुरता आईचा खरा आवाज ऐकू यायचा. तो जरा घोगरा होता. घरात आमच्याशीही ती बहुतेक ओठांनीच बोलायची, सवयीने. मलाही ती सवय लागली होती. शाळेत बाई म्हणायच्या, "अगं, तोंड नुसतं हलवतेस काय, मोठ्याने म्हण."

मी पंधरा-सोळा वर्षांची असताना ते झालं, ज्याने आमच्या घराचे दोन तुकडे झाले.

आमची माणसं इस्रायलला चालली होती. आधी मुंबईची, मग अलिबागकडची, मग आमच्या गल्लीतली. आईच्या तिघी बहिणी गेल्या होत्या. दर वर्षी सणाला सिनेगॉगमध्ये जागा मोकळी व्हायची, आणि आपण कोणाशेजारी बसायचं हे आईला नव्याने ठरवावं लागायचं. माझ्या दोन्ही भावांनी जायचं पक्कं केलं होतं. तिथे गेलेला एक नातेवाईक सुट्टीवर आला होता, त्याला मोठ्या भावाने घरी बोलावलं. सगळं कुटुंब एकदम जाऊ, असा विचार होता. बाबा खूश होते. त्यांनी नवा शर्ट घातला होता. त्यांच्या मनात होतं की प्रार्थना जिथली, तिथे एकदा उभं राहावं.

त्या दिवशी बैठकीच्या खोलीत सगळे एकाच वेळी बोलत होते. बाबा एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नजर फिरवत होते, आणि प्रत्येक वेळी बोलणारा बदललेला असायचा. तो नातेवाईक मधूनमधून हिब्रू बोलून दाखवायचा. तेव्हा बाबा आईकडे बघायचे. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे ती त्यांना काही सांगू शकत नव्हती. मी दारात उभी होते. आईचा चेहरा मला दिसत होता. ती बाबांकडे बघत होती, बाबा त्या पाहुण्याच्या ओठांकडे.

"मग ठरलं ना?" मोठ्या भावाने विचारलं.

"मी येणार नाही," आई म्हणाली. आवाज काढून म्हणाली, आणि बाबांना दिसेल असंही.

भावाने विचारलं, "म्हणजे काय?"

"मला माझी नोकरी सोडायची नाही. माझं इथे चाललंय. तुम्ही दोघं जा."

"आणि बाबा?"

"मी नाही म्हटल्यावर ते कुठे जाणार?"

बाबा उठले. ते मोठ्याने म्हणाले, बाहेरपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "हिला विचारलं कोणी? आयुष्यात एक गोष्ट मागितली मी!" पाहुणा चहा तसाच ठेवून निघाला. मोठा भाऊ आईला म्हणाला, "तू फक्त स्वतःचा विचार करतेस." आईने कप उचलले आणि आत गेली.

भाऊ गेले. त्यानंतर बाबांनी आईच्या चेहऱ्याकडे बघणं बंद केलं.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. रागावलेला नवरा बोलत नसला तरी त्याच्या कानावर आपलं बोलणं पडतं. आपण भांडी आपटू शकतो, रडू शकतो, मुलीला सांगतोय असं दाखवून त्याला ऐकवू शकतो. आईजवळ यातलं काहीच नव्हतं. बाबांनी नजर खाली वळवली की ती त्यांच्यासाठी मुकी व्हायची. ती ताट वाढून समोर उभी राहायची, ओठ हलवायची, "आणखी घ्या ना." ते ताटात बघत राहायचे. कंदील जाऊन विजेचा दिवा आला होता, तरी ती जुन्या सवयीने दिव्याखाली जाऊन उभी राहायची. मग थोड्या वेळाने पदराला हात पुसत परत चुलीपाशी.

एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. मी विचारलं, "आई, तुला खरंच जायचं नव्हतं?"

तिने सुपातून डोकं वर काढलं नाही. "जायचं होतं गं. माझ्या बहिणी आहेत तिथे. धाकटीला तर मीच वाढवलंय."

"मग?"

"तिथे कोण मराठी बोलणार? तू शिकशील ती भाषा, तुझे भाऊ शिकतील. तुझ्या बाबांना कोण शिकवणार? जी भाषा कधी कानावर पडली नाही, ती ओठांवरून कशी कळेल? इथे निदान वाणी काय म्हणतो ते कळतं त्यांना. गिरणीतला हमाल काय म्हणतो ते कळतं. तिथे ते माझ्याशिवाय कोणाच्या तोंडाकडे बघणार?"

"हे त्यांना सांग ना मग."

"काय सांगू? तुमच्या बहिरेपणामुळे आपण राहिलो म्हणून? मुलं दूर गेली ती तुमच्यामुळे म्हणून?" तिने सूप झटकलं. "माझ्यावर रागावलेत ते बरं आहे. तूही बोलायचं नाहीस हे. शपथ नको, नुसतं हो म्हण."

मी हो म्हटलं.

पुढे त्यांचं कामापुरतं बोलणं सुरू झालं. मीठ कमी आहे, छत गळतंय, आजीला ताप आहे. आजी त्याच सुमाराला गेली. पण संध्याकाळच्या गप्पा परत आल्या नाहीत. आई प्रसूतिगृहातून यायची, आणि दिवसभरात जे घडलं ते तिच्यापाशीच राहायचं. कधी मला सांगायची. मी ऐकायचे, पण मी सतरा वर्षांची होते, माझं लक्ष दुसरीकडे असायचं.

काही वर्षांनी मोठा भाऊ आला. बरोबर बायको, तिकडेच भेटलेली, मोरोक्कोहून आलेल्या घरातली, आणि तीन वर्षांचा मुलगा. मुलगा भारी बडबड्या. तो आल्या-आल्या बाबांच्या मांडीवर चढला आणि त्यांच्या चष्म्याशी खेळत काहीतरी सांगायला लागला. लांबलचक गोष्ट असावी, हातवारे करून सांगत होता. बाबांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या ओठांकडे बघायला लागले. बघत राहिले. पोर बोलून थांबलं आणि उत्तराची वाट बघायला लागलं. बाबांनी भावाकडे बघितलं. भाऊ बायकोशी बोलत होता, त्याच भाषेत. बाबांनी तिच्या ओठांकडे बघितलं. मग परत पोराकडे. पोराने तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, मग कंटाळून उतरून गेलं.

आई चुलीपाशी होती. दाराकडे तोंड करून. तिने हे सगळं बघितलं.

पाहुणे आठवडाभर राहून गेले. ते गेले त्या संध्याकाळी बाबांनी आपली खुर्ची उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि आईच्या समोर मांडून तिच्यात बसले. आई कांदा चिरत होती. ते म्हणाले, "आज काय झालं दवाखान्यात?" आईने विळी बाजूला केली. पदराला हात पुसले. मग बोलायला लागली. मी उंबऱ्यातून मागे फिरले. त्या दोघांत त्या जुन्या गोष्टीचा उल्लेख कधी झाला का, मला माहीत नाही. बहुतेक नाही. पण त्यानंतर बाबा तिने त्यांचं पान वाढलं की "तू पण घे" म्हणायचे, जे आधी कधी म्हणत नसत.

मी पनवेलमध्येच नोकरीला लागले. लग्न झालं नाही. आमच्यातली मुलं उरलीच होती किती. आईने दोन-तीनदा मुंबईत चौकशी केली, मग तीही थांबली. निवृत्त झाल्यावरही बायका तिला घरी बोलवायला यायच्या, आणि ती जायची, सुकापूरपर्यंत चालत, तेव्हा तिथे भाताची शेतं होती.

बाबा वारले तेव्हा भाऊ आईला म्हणाले, आता तरी ये. ती गेली, एक हिवाळा. परत आली तेव्हा तिच्या बॅगेत खजूर होते आणि धाकट्या बहिणीची एक शाल. धाकटी आधीच्याच वर्षी वारली होती. मधलीला कोणी ओळखू येत नव्हतं. मोठी त्याच्याही आधी वारलेली. "सगळे चांगले आहेत," आई म्हणाली. "मुलांची घरं छान आहेत. दुपारी सगळे कामाला जातात. मी बागेत बसायचे."

त्यानंतर मी ऑफिसातून आले की खिडकीतून ती दिसायची. दिव्याखाली बसलेली, समोरच्या भिंतीकडे तोंड, ओठ हलताहेत. मला वाटायचं प्रार्थना म्हणत असेल. एकदा जवळ जाऊन बघितलं. मलाही ओठ वाचता येतात, त्या घरात वाढलेय मी. ती सांगत होती की मासळीवालीचा मुलगा आता सरकारने घेतलेल्या जमिनीच्या पैशातून ट्रक घेणार आहे. मी चपला वाजवल्या, मग ती थांबली आणि आवाज काढून म्हणाली, "आलीस? चहा ठेवते."

ती गेली तेव्हा ब्याऐंशीच्या घरात होती. आमच्यात त्याच दिवशी माती देतात. दफनाच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते पनवेलमध्ये नव्हते. ठाण्याहून, अलिबागहून फोन करून माणसं बोलवावी लागली. संध्याकाळ व्हायच्या आत कसंबसं झालं. भाऊ पोचू शकले नाहीत. मग सात दिवस जमिनीवर बसायचं, लोक भेटायला येतात. येणारे कोण होते? पहिल्या दिवशी गल्लीतले शेजारी आले. नंतरच्या दुपारी गव्हाणची मासळीवाली आली, काठी टेकत, नातवाच्या गाडीतून. ती माझ्याशेजारी सतरंजीवर बसली. आमच्यात काय करतात हे तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तुजी आय माज्या सुनंला रातभर धरून बसलेली. माजी सून वाचली ती तिच्यामुलं." मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता खाडीत बोय पन मिलत नाय."

चौथ्या दिवशी मोठा भाऊ आला. तोही म्हातारा झाला होता. तो आईच्या पलंगाकडे बघत म्हणाला, "त्या वेळी हट्ट केला नसता तर शेवटी तरी सगळे जवळ असतो."

मी तेव्हा सांगितलं. तांदूळ निवडताना ती जे बोलली ते, जसंच्या तसं. बाबा नव्हते, ती नव्हती, आता कोणाला दुखणार होतं.

तो सतरंजीवर बसला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तिने नको म्हटलं होतं."

"तिने तरी सांगायचं मला."

"तू तिला विचारलं होतंस का?"

तो उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो रडत होता, मुलं रडतात तसा, नाक ओढत. "मी तिला काय काय म्हणालो," तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आम्हाला लहानपणापासून एकमेकांना हात लावायची सवय नव्हती, त्यामुळे हात तिथे किती वेळ ठेवायचा हे मला कळेना. जायच्या आधी तो रोज सकाळी एकटाच कबरीपाशी जाऊन येत होता. काय करायचा तिथे, मी विचारलं नाही.

पुढे काही वर्षांनी तो वारला. धाकटा भाऊही वारला. गल्लीतलं घर पडायला आलं तेव्हा मी ते सोडलं आणि सुकापूरला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. भातशेतं कुठे होती हे आता सांगता येणार नाही. शेजारी चांगले आहेत. दिवाळीत फराळ देतात, मी त्यांना आमच्या सणाच्या गोड पुऱ्या देते. ते विचारतात, "मावशी, तुम्ही ख्रिश्चन ना?" मी पहिली काही वर्षं समजावून सांगायचे. आता कधी सांगते, कधी हसते. भाचे सणाला व्हिडिओ कॉल करतात. त्यांच्या मुलांना मराठी येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही. आम्ही एकमेकांना हात हलवून दाखवतो.

आईच्या मृत्यूच्या वर्षदिवसाला तिच्यासाठी प्रार्थना म्हणायला पुरुष लागतो. मुंबईचे एक म्हातारे गृहस्थ दर वर्षी फोनवरून म्हणायचे. मी फोन टेबलावर ठेवायचे, स्पीकर लावायचे आणि दिवा लावून उभी राहायचे. या वर्षी त्यांचा फोन लागला नाही. दुपारी पुन्हा लावला, संध्याकाळी पुन्हा लावला. घरच्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. अंधार पडायला लागला तेव्हा मी पेल्यात खोबरेल तेल घालून वात लावली आणि जेवढी येत होती तेवढी प्रार्थना स्वतःच म्हटली. चालत असेल, नसेल. मधल्या दोन ओळी आठवेनात. तिथे थांबले, थोडी वाट बघितली, मग पुढचं म्हटलं. नंतर कुकर लावला, एका माणसाचा.